दोनदा नकार

२८ नोव्हेंबर १९९४ ला नॉर्वेच्या मतदारांनी युरोपीय संघात जायला नकार दिला. नकार ५२.२ टक्के, होकार ४७.८. मतदान जवळजवळ ८९ टक्के झालं होतं, म्हणजे कुणी घरी बसून राहिलं म्हणून लागलेला हा निकाल नव्हता. पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलान यांना संघात जायचं होतं. उद्योगपतींना जायचं होतं, राजधानीतल्या मोठ्या वर्तमानपत्रांना जायचं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात फिनलंडने आणि नोव्हेंबरच्या मध्यात स्वीडनने होकार दिला होता, आणि शेजारी गेले की नॉर्वेही मागोमाग येईल असा सगळ्यांचा होरा होता. तो चुकला.

शिवाय ही पहिली वेळ नव्हती. २५ सप्टेंबर १९७२ लाही याच देशाने तेव्हाच्या युरोपीय समुदायाला, म्हणजे आजच्या संघाच्या आधीच्या रूपाला, ५३.५ टक्के मतांनी नाही म्हटलं होतं. त्या वेळचे पंतप्रधान त्रिग्वे ब्रातेली यांनी हरलो तर सरकार सोडेन असं आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते सोडलं. वाटाघाटी पुऱ्या झाल्या, करार हातात आला, आणि तरीही लोकांनी तो दोनदा परत पाठवला, असा दुसरा देश युरोपात नाही.

मी काही वर्षं नॉर्वेत राहिले. तिथे असताना आणि नंतरही या नकाराबद्दल बाहेरच्या माणसांकडून एकच स्पष्टीकरण ऐकत आले: तेल आहे, पैसा आहे, त्यांना कुणाची गरज काय! मला हे कधीच पटलं नाही. सालं बघा. नॉर्वेच्या समुद्रातलं पहिलं मोठं तेलक्षेत्र, एकोफिस्क, १९६९ च्या अगदी शेवटी सापडलं. १९७२ च्या मतदाराच्या खिशात त्या तेलाचा एक छदामही आलेला नव्हता. सरकारी तेल कंपनी त्याच वर्षी स्थापन होत होती. आज जगभर ज्याची चर्चा होते त्या तेल-निधीचा कायदा १९९० चा, पण त्यात पहिली रक्कम जमा झाली १९९६ मध्ये, दुसऱ्या सार्वमतानंतर. तेलाने नकार परवडू दिला, हे खरं. नकार तेलातून आला, हे खरं नाही.

आणि नकाशा तर आणखी स्पष्ट बोलतो. सगळ्यात श्रीमंत, सगळ्यात शिकलेलं ओस्लो १९९४ मध्ये दोन-तृतीयांश मतांनी संघाच्या बाजूने होतं. सगळ्यात जास्त नकार आला तो फिनमार्कमधून, अगदी उत्तरेच्या टोकाच्या, विरळ वस्तीच्या जिल्ह्यातून. तिथे चारातल्या तिघांनी नाही म्हटलं. हा श्रीमंतीचा माज असता तर आकडे नेमके उलटे पडायला हवे होते.

तेव्हा उत्तर शोधायचं तर उत्तरेला जायला हवं.

लोफोतेन ही बेटांची रांग आर्क्टिक वृत्ताच्या वर आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बारेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इथे येतो. मी गेले तेव्हा मार्च होता. गावाबाहेर उघड्या खडकावर लाकडी दांड्यांचे मांडव होते, दोनमजली घराएवढे उंच, आणि त्यांवर हजारो मासे टांगलेले. मासा बोटीवरून आला की डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, दोन-दोन मासे शेपटीशी सुतळीने बांधायचे आणि दांडीवर घालायचे. मीठ नाही, धूर नाही. थंडी आणि वारा मिळून तीन महिन्यांत त्याचं लाकूड करतात. थंडी जास्त पडली तर मासा गोठून फुटतो, कमी पडली तर माशा बसतात. शून्याच्या आसपास रेंगाळणारं हे हवामान जगात फार थोड्या ठिकाणी आहे. नंतर एक जाणकार माणूस एकेक मासा हातात घेऊन, डोळ्यांनी आणि नाकाने त्याची प्रत ठरवतो. उत्तम प्रतीचा माल इटलीला जातो. डोकीही वाळवतात आणि ती नायजेरियाला जातात. त्या डोक्यांतल्या जिभा कापायचं काम शाळकरी पोरांचं. उभ्या लोखंडी सळीवर डोकं खुपसायचं, सुरी फिरवायची, जीभ बादलीत. शाळा सुटल्यावर चार-पाच मुलं ते करत होती. हातात रबरी मोजे, अंगावर तेलकट एप्रन, आणि वेग असा की माझी नजर मागे पडत होती. जिभांचे पैसे पूर्ण त्यांचे.

हे इतकं तपशिलात सांगते, कारण या माशाचा भाव कुणी ठरवायचा हा उत्तर नॉर्वेच्या इतिहासातला सगळ्यात जुना तंटा आहे.

मध्ययुगापासून हा वाळवलेला मासा दक्षिणेला बर्गेनला जायचा. तिथे हान्सा या उत्तर जर्मन शहरांच्या व्यापारी संघातल्या व्यापाऱ्यांची पेढी होती, चौदाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत. उत्तरेचा कोळी बोट भरून मासा घेऊन यायचा आणि धान्य घेऊन परत जायचा. पण धान्य उधारीवर मिळायचं, आणि उधारी फिटेपर्यंत मासा त्याच व्यापाऱ्याला घालावा लागायचा. उधारी फिटायची नाही. हे पिढ्यान् पिढ्या चाललं. जर्मन गेले, बर्गेनचे नॉर्वेजियन सावकार आले. पुढे एकोणिसाव्या शतकात लोफोतेनमध्येच गावमालक उभे राहिले. जमीन त्यांची, धक्का त्यांचा, कोळी राहायचे त्या खोपट्या त्यांच्या, आणि मासा विकत घेणारेही तेच. कोळ्याने समुद्रात जीव घालायचा आणि भाव किनाऱ्यावर बसलेल्याने सांगायचा.

हे उलटलं ते १९३८ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने कच्च्या माशाच्या पहिल्या विक्रीचा हक्क कोळ्यांच्या स्वतःच्या विक्री संघटनेला मिळाला. बोटीवरून उतरलेला मासा संघटनेमार्फतच विकला जाईल, आणि किमान भाव संघटना ठरवेल. खरेदीदारांशी बोलणी होतील. पण बोलणी फिसकटली तर शेवटचा शब्द कोळ्यांचा. पुढे याच धर्तीचे आणखी कायदे आले, त्यांतलं मुख्य सूत्र असं की मासेमारी बोटीची मालकी प्रत्यक्ष मासे धरणाऱ्याकडे असली पाहिजे. भांडवल असेल तर कुणीही येऊन बोटी विकत घ्याव्या, असं चालणार नाही.

आता ही तारीख डोक्यात ठेवून १९७२ कडे बघा. १९३८ नंतर फक्त चौतीस वर्षं झालेली. गावमालकासमोर टोपी काढून उभा राहिलेला म्हातारा अजून घरात बसलेला, आणि मतदानाच्या यादीत त्याचं नाव. अशा माणसाकडे सरकार येतं आणि म्हणतं, एक मोठा बाजार आहे, त्यात सामील होऊ या. तिथे भांडवलाला कुठेही जायची मुभा, आणि पाण्यात सगळ्यांना सारखा हक्क.

सारखा हक्क हे शब्द मी रंगवून लिहीत नाही. जून १९७० मध्ये ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्याशी वाटाघाटी सुरू होत होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी समुदायाच्या जुन्या सहा सदस्यांनी आपसात मासेमारीचं सामाईक धोरण ठरवून टाकलं. त्याचा गाभा असा की सदस्य देशांच्या पाण्यात सर्व सदस्यांच्या बोटींना प्रवेश. या सहांकडे मासे थोडे. मासे होते ते दारात उभ्या असलेल्या चौघांकडे. नियम मात्र दार उघडायच्या आत लिहून तयार. नॉर्वेने बरीच घासाघीस केली, काही वर्षांच्या सवलती मिळाल्या, कायमची हमी मिळाली नाही. मत्स्यमंत्री क्नुत हूम यांना तो करार मान्य करता येईना. १९७२ च्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला. माझ्या मते पहिलं सार्वमत तिथेच ठरलं. आपल्याच मंत्र्याला जे गिळवलं नाही ते किनाऱ्यावरच्या माणसाने का गिळावं?

दुसरी गोष्ट १९८९ ची, आणि ही मला पहिलीपेक्षाही मोठी वाटते. बारेंट्स समुद्रातला कॉड त्या सुमारास झपाट्याने कमी झाला होता. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, सरकारने किनारी बोटींची कॉड मासेमारी बंद केली. १९९० पासून प्रत्येक बोटीला कोटा आला, म्हणजे वर्षात किती मासा धरायचा याची मर्यादा. हा समुद्र कुणालाही मोकळा, ही शेकडो वर्षांची रीत मोडली. लोफोतेनमध्ये ज्यांच्या घरी उतरले होते ते त्या साली जाळी गुंडाळून परतलेल्यांपैकी. तो वसंत त्यांनी मला बराच वेळ सांगितला. बोटीचे हप्ते, बंद पडलेले कारखाने, दक्षिणेला निघून गेलेली शेजारची कुटुंबं. सरकारला त्यांनी तेव्हा दिलेल्या शिव्याही सांगितल्या. पण मासा परत आला. उपास त्यांनी केला, आणि पाच वर्षांनी कुणीतरी येऊन विचारत होतं की आता या भरलेल्या पाण्यात बाकीच्यांनाही वाटा देता का. स्पेनची मागणी होतीच. त्या वेळचे मत्स्यमंत्री यान हेन्री ओल्सेन वाटाघाटींत सारखं सांगत राहिले की द्यायला मासे नाहीत, आणि त्यांना टोपणनावच पडलं, ‘नो फिश’ ओल्सेन. शेवटी थोडे मासे द्यावे लागलेच. उत्तरेने ते लक्षात ठेवलं.

इथे कुणी म्हणेल, मूठभर कोळ्यांनी अख्खा देश कसा अडवला? त्यांनी एकट्यांनी नाही अडवला. डोंगराळ देशातली छोटी शेती होती. लागवडीखालची जमीन जेमतेम तीन टक्के, आणि दक्षिणेच्या सपाट शेतांशी भावात टक्कर द्यायची म्हणजे गावंच उठणार, हे शेतकऱ्याला दिसत होतं. सरकारी नोकरीतल्या, शाळा-दवाखान्यांतल्या बायका होत्या. कल्याणकारी राज्यावर बाजाराचे नियम चढतील ही त्यांची काळजी होती, आणि पुरुषांपेक्षा बायकांनी जास्त प्रमाणात नकार दिला. खेड्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या सेंटर पार्टीच्या अने एंगर लानस्टाइन या नकाराच्या मोहिमेचा राजकीय चेहरा होत्या.

आणि एक माणूस, ज्याच्याबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. संगणकाशी पोट बांधलेल्या कुणालाही क्रिस्तेन न्यूगोर हे नाव ठाऊक असायला हवं. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची आज सर्रास वापरली जाणारी पद्धत, ज्या भाषेतून जन्मलं ती सिम्युला, त्यांनी ओले-योहान दाल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात ओस्लोत घडवली. दोघांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००१ साठी मिळाला. हेच न्यूगोर १९९० ते १९९५ संघविरोधी चळवळीचे अध्यक्ष होते. चळवळीच्या सभासदांची संख्या लाखावर गेली होती, ४३ लाखांच्या देशात. न्यूगोर मागासलेले नव्हते, जगाला घाबरणारे तर नव्हतेच. १९७० च्या दशकात ते लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करत होते: कारखान्यात संगणक येणार असेल तर तो कसा वापरायचा हे ठरवताना कामगाराचा शब्द असला पाहिजे, यासाठी. त्या माणसाने वीस वर्षांनी देशाच्या पातळीवर तोच आग्रह धरला, यात मला जराही विसंगती दिसत नाही. जो निर्णय ज्याच्या अंगावर पडणार, त्याचा हात त्या निर्णयापर्यंत पोचला पाहिजे.

इतिहासाचं ओझं म्हणून आणखी एक कारण नेहमी सांगतात. नॉर्वे शतकानुशतकं डेन्मार्कच्या राजाखाली, मग १८१४ पासून स्वीडनच्या राजाखाली. १९०५ ला स्वीडनशी फारकत घेण्यावर सार्वमत झालं, तेव्हा ३,६८,२०८ लोक बाजूने आणि १८४ विरोधात. बायकांना मत नव्हतं, तर त्यांनी स्वतंत्रपणे दोन लाखांवर सह्या गोळा करून दिल्या. स्वातंत्र्य इतकं अलीकडचं असलं की माणसं ते जपून वापरतात, हे खरंच आहे. पण याच कारणाने फिनलंडने उलट कौल दिला. त्याला रशियाची लांबलचक सीमा होती, सोव्हिएत बाजार कोसळल्यामुळे आर्थिक संकट होतं आणि पाठीशी कुणी नव्हतं. नॉर्वे १९४९ पासून नाटोत होता. त्याला संरक्षणासाठी ब्रुसेल्सची, म्हणजे युरोपीय संघाची, गरज नव्हती. एकच आठवण दोन देशांना दोन दिशांना नेते.

आता किंमत. ती लपवून नकाराची बाजू मांडणं मला अप्रामाणिक वाटतं.

१ जानेवारी १९९४ पासून, म्हणजे दुसऱ्या सार्वमताच्याही आधीपासून, नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. सोबत आइसलंड आणि नंतर आलेलं लिख्टेनश्टाइन. या करारामुळे संघाच्या सामाईक बाजारात मुक्त प्रवेश मिळतो. बदल्यात बाजाराचे सगळे नियम आपल्या कायद्यात उतरवून घ्यायचे. शेती आणि मासेमारीची धोरणं बाहेर, जकातीचा संघ बाहेर. बाकी बहुतेक आत. २०१२ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हिशोब मांडला की सदस्य देशांना जेवढा युरोपीय कायदा लागू होतो त्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश नॉर्वेला लागू आहे. हे नियम ज्या सभागृहांत ठरतात तिथे नॉर्वेचा मंत्री नाही, खासदार नाही, मत नाही. तिकडून कागद येतो, इकडे शिक्का बसतो. नॉर्वेतच याला ‘फॅक्स लोकशाही’ म्हणतात, आणि म्हणणारे चेष्टेने म्हणत नाहीत. शिवाय संघातल्या गरीब देशांसाठी पैसेही भरायचे: २०१४ ते २०२१ या टप्प्यासाठी तिन्ही देशांचे मिळून सुमारे २८० कोटी युरो, त्यातला जवळजवळ सगळा वाटा नॉर्वेचा.

नियम नाकारायचा हक्क कागदावर आहे. २०११ मध्ये टपालसेवेबद्दलचा एक निर्देश नॉर्वेने नाकारायचं ठरवलं. लांबच्या खेड्यांत पत्र त्याच दरात पोचलं पाहिजे, हा मुद्दा होता. दोन वर्षांनी सरकार बदललं आणि नव्या सरकारने तो नकार मागे घेतला. हक्क बजावण्याची अशी वेळ तेवढीच. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्जेविषयीचे तीन निर्देश स्वीकारण्यावरून सेंटर पार्टी सरकारमधून बाहेर पडली. आघाडी मोडली. दोन सार्वमतं झाली तरी हा प्रश्न सरकारं हलवतोच आहे.

आणि किनाऱ्यालाही याची झळ लागते. नॉर्वेचा ताजा सामन मासा युरोपीय संघात जातो तेव्हा त्यावर २ टक्के जकात लागते. तोच मासा नॉर्वेत धुरावून, काप करून पाठवला तर १३ टक्के. परिणाम उघड आहे. मासा बर्फात घालून अख्खा पाठवला जातो आणि पोलंड नाहीतर डेन्मार्कमध्ये धुरावला जातो. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठी जी कामं उभी राहू शकली असती ती दुसऱ्या देशात आहेत. संघाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा माझ्या मते सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, सार्वभौमत्वावरच्या भाषणांपेक्षा कितीतरी.

बाहेर राहिलेल्या इतरांच्या गोष्टी मी फार ताणत नाही. स्वित्झर्लंडने ६ डिसेंबर १९९२ ला आर्थिक क्षेत्राचा करारसुद्धा ५०.३ टक्क्यांनी फेटाळला. तिथे कारण तटस्थतेइतकंच हेही होतं की ज्या देशात नागरिक सह्या गोळा करून संसदेचा कायदा अडवू शकतो, त्याने तो अधिकार कुणाला द्यायचा? ग्रीनलंडचं उदाहरण मात्र जिव्हारी लागतं. १९७२ मध्ये ग्रीनलंडच्या लोकांनी मोठ्या बहुमताने विरोध केला होता, पण डेन्मार्कचा कौल होकाराचा, म्हणून १९७३ मध्ये तेही समुदायात ओढले गेले. १९७९ ला स्वशासन मिळालं, १९८२ ला त्यांनी पुन्हा मत घेतलं, आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ते बाहेर पडले. तिथेही कारण मासे. आपल्या किनाऱ्यासमोर कुणाच्या बोटी याव्या हे हजारो मैलांवर ठरत होतं.

मग नॉर्वेच्या किनाऱ्याला नकारातून काय मिळालं? हा प्रश्न मी लोफोतेनमध्ये विचारला तेव्हा घरमालक बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग बोलले ते ब्रुसेल्सबद्दल नव्हे, ओस्लोबद्दल. १९९० नंतर बोटींना मिळालेले कोटे हळूहळू खरेदी-विक्रीत आले. एका बोटीचा कोटा दुसरीवर चढवायची मुभा मिळाली. कोटे मोठ्या बोटींकडे, मोठ्या मालकांकडे साठत गेले. १९४० च्या आसपास या देशात लाखाहून अधिक लोक मासेमारी करत होते; आज अकरा हजारांच्या आसपास आहेत. यातलं बरंचसं यंत्रांमुळे झालं, सगळं नाही. ज्या गावातून शेवटचा कोटा विकला जातो तिथल्या तरुणाला समोरच्या समुद्रात धंद्यासाठी उतरायचं तर आधी बँकेत जावं लागतं. जी भीती मनात धरून त्यांच्या गावाने १९९४ ला मत दिलं ती बाहेरून आली नाही, घरातूनच आली. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता. राग होता, आणि तो कुणावर हे त्यांना नावानिशी माहीत होतं.

मी त्यांच्या जागी असते तर १९९४ ला काय मत दिलं असतं, याचा विचार मी अनेकदा केला आहे. नकार दिला असता. धुरावलेल्या माशाची जकात माहीत असूनही, फॅक्स लोकशाही माहीत असूनही. कारण २०२० मध्ये नॉर्वेच्या महालेखापरीक्षकांनी या कोटा पद्धतीची तपासणी केली आणि संसदेला स्पष्ट लिहून दिलं की या बदलांचा किनारी मासेमारीवर आणि अनेक किनारी गावांवर वाईट परिणाम झाला आहे. त्या अहवालावर संसदेत चर्चा झाली. २०२४ मध्ये कोट्याच्या वाटणीचा प्रश्न पुन्हा सभागृहात आला: कॉडचा किती हिस्सा ट्रॉलरला, म्हणजे जाळं ओढत फिरणाऱ्या मोठ्या बोटींना, आणि किती किनारी बोटींना. किनाऱ्याला हवं होतं ते सगळं मिळालं नाही. पण वाद नॉर्वेच्याच संसदेत झाला, आणि मत देणारे खासदार पुढच्या निवडणुकीत त्याच धक्क्यांवर मतं मागायला येणार होते.